मदत हवी आहे: मोठे केलेले मॉडेल रॉकेट रॉड सोडताच वाऱ्याकडे झुकले, वजन काढावे की रॉड लांब करावा?

नमस्कार मंडळी,

एस्टीझ अल्फा हे तीन पंखांचे छोटे मॉडेल रॉकेट इथल्या अनेकांनी उडवले असेल. त्याचीच मोठी प्रत मी घरी बांधली, पंधरा दिवसांपूर्वी उडवली, आणि तेव्हापासून एका प्रश्नावर अडून बसलो आहे. रॉकेट रॉडवरून (सुरुवातीला रॉकेटला सरळ धरणाऱ्या उभ्या सळईवरून) सुटताच वाऱ्याच्या दिशेने वळले, ते स्थिरता कमी पडल्यामुळे, गरजेपेक्षा जास्त झाल्यामुळे, की सुटतानाचा वेगच अपुरा असल्यामुळे, हे मला ठरवता येत नाही. ज्या दोन अनुभवी मित्रांना विचारले त्यांनी नेमके उलट सल्ले दिले: एक म्हणतो नोज कोनमध्ये (रॉकेटच्या टोकाच्या सुळक्यात) आणखी वजन घाल, दुसरा म्हणतो घातलेले काढून टाक.

आधी मापे सांगतो. मूळ अल्फाची नळी २४.८ मिलिमीटर व्यासाची आणि एकूण लांबी ३१ सेंटिमीटरच्या आसपास आहे. मला पुठ्ठ्याची चांगली नळी मिळाली ती ६६ मिलिमीटर व्यासाची, त्यामुळे प्रमाण मी नव्हे, नळीनेच ठरवले: २.६६ पट. त्या हिशेबाने माझे रॉकेट ८३ सेंटिमीटर लांब झाले. या प्रमाणात पृष्ठभाग सातपट होतो आणि घनफळ जवळजवळ १९ पट, तेव्हा वजन या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडणार हे उघड होते. मूळ रॉकेट मोटरशिवाय जेमतेम २३ ग्रॅमचे असते. माझे पॅराशूटसह, मोटरशिवाय १८३ ग्रॅम भरले, म्हणजे आठपट. सी वर्गाची मोटर फार तर १० न्यूटन-सेकंद आवेग (जोर गुणिले वेळ) देते आणि मी वापरलेली डी१२ ही ज्या वर्गातली आहे त्याची मर्यादा २० आहे. आठपट वजनाला दुप्पट आवेग, हे गणित मला सुरुवातीपासून खटकत होते.

पंख ५ मिलिमीटर जाडीच्या बाल्साचे असून त्यांवर कागद चिकटवला आहे आणि बाल्साचे तंतू पंखाच्या पुढच्या कडेला समांतर ठेवले आहेत. पंखांबद्दल मला शंका नाही. उतरताना आदळूनही त्यांचे काही बिघडले नाही.

खरी गोष्ट गुरुत्वमध्याची आहे. बाह्य आकार हुबेहूब मोठा केला की दाबकेंद्र (हवेचा रेटा जिथे एकवटतो तो बिंदू) त्याच प्रमाणात सरकते, पण गुरुत्वमध्य तसे वागेलच असे नाही, कारण आतले वजन आकाराचे प्रमाण पाळत नाही. माझ्या रॉकेटचे दाबकेंद्र, ते आकारावरून काढणाऱ्या बॅरोमन समीकरणांनी, टोकापासून ६४ सेंटिमीटरवर येते आणि भरलेल्या मोटरसह गुरुत्वमध्य ५६.५ सेंटिमीटरवर होता. अंतर ७.५ सेंटिमीटर, म्हणजे १.१ कॅलिबर (एक कॅलिबर म्हणजे नळीचा एक व्यास). गुरुत्वमध्य दाबकेंद्राच्या निदान एक कॅलिबर पुढे असावा हा नियम पाळला गेला होता आणि मी तिथेच थांबायला हवे होते, असे आता वाटते. पण समाधान होईना म्हणून मी ते दोरीला गुरुत्वमध्याशी बांधून डोक्याभोवती गरगर फिरवून पाहिले. मूळ अल्फा या चाचणीत दुसऱ्याच फेरीत नाक पुढे करून सरळ झाले होते. हे मात्र आडवेच फिरत राहिले. घाबरून मी नोज कोनच्या टोकात ३५ ग्रॅम मॉडेलिंगची माती दाबून बसवली. गुरुत्वमध्य ४९.५ वर आला, स्थिरता २.२ कॅलिबर झाली, आणि उड्डाणाचे एकूण वजन २६२ ग्रॅम. (दोरी अडीच मीटरच होती आणि हातात जोरही फारसा नाही, तेव्हा एवढ्या लांब रॉकेटला ती चाचणी न्याय देते का, हाही माझा एक उपप्रश्न समजावा.)

उड्डाणाच्या वेळी वारा सेकंदाला ४ मीटरच्या आसपास होता. रॉड ९० सेंटिमीटरचा, ५ मिलिमीटर जाड, अगदी उभा. भाच्याने उलटी मोजणी केली, मी कळ दाबली, रॉकेट रॉडवरून सावकाश उचलले गेल्यासारखे वाटले आणि रॉड सुटल्यावर दोन-तीन मीटरच्या आतच त्याने दोनदा शेपूट हलवून वाऱ्याकडे नाक वळवले. त्यानंतर मात्र ते न डगमगता, साधारण ४५ अंशांच्या तिरकस रेषेत, सुईसारखे गेले. ते कोलांट्या खात नव्हते, घिरट्याही घेत नव्हते. यावरून ते अस्थिर नसावे असा माझा तर्क आहे, पण सुरुवातीच्या त्या दोन हेलकाव्यांचा उलगडा होत नाही.

घरी येऊन मी रॉडचा हिशेब केला आणि तिथे एक चूक हाती लागली. रॉडवर ओवायचे दोन लग मी लावले होते, एक शेपटीजवळ आणि एक शेपटीपासून ४० सेंटिमीटरवर. पुढचा लग सुटला की रॉकेट मागच्या लगभोवती तिरके व्हायला मोकळे होते, तेव्हा ९० सेंटिमीटरपैकी तळाचे ८ आणि हे ४० वजा जाता खऱ्या उपयोगाचा रॉड फक्त ४२ सेंटिमीटर उरला. डी१२ चा जोर सुमारे पाव सेकंदात ३० न्यूटनपर्यंत चढतो, पहिल्या क्षणापासून तो तेवढा नसतो. चढता जोर धरून केलेल्या आकडेमोडीत पुढचा लग सुटतानाचा वेग सेकंदाला ७ मीटरही येत नाही. सुरक्षित म्हणून १३ ते १५ मीटरचा वेग सांगितला जातो, त्याच्या हे निम्मेच. ७ मीटरच्या वेगाला ४ मीटरचा आडवा वारा म्हणजे हवा रॉकेटला जवळजवळ ३० अंशांच्या कोनातून लागते, आणि बॅरोमन समीकरणे लहान कोनांपुरतीच खरी आहेत. कोन वाढला की नळीवरच हवेचा रेटा येऊन दाबकेंद्र पुढे सरकते.

मातीचे ३५ ग्रॅम काढून तीच आकडेमोड केली तर वेग सेकंदाला अर्धा मीटरही वाढत नाही. उलट लग तसेच ठेवून १.८ मीटरचा रॉड धरला तर तो १४ मीटरच्या पुढे जातो. म्हणजे वेगाच्या प्रश्नावर दोन्ही मित्रांचे सल्ले गैरलागू आहेत, असे माझे मत झाले आहे. राहिला प्रश्न स्थिरतेचा, आणि तोच मी विचारतो आहे. लांब रॉड वापरल्यावर माती काढून १.१ कॅलिबरवर उडवणे शहाणपणाचे ठरेल, की १.८ मीटरच्या रॉडवरूनही हवा १५ अंशांनी लागणार असल्यामुळे दीड कॅलिबरच्या आसपास राहील इतकी माती ठेवावी? व्यासाच्या साडेबारा पट लांबीचे रॉकेट ज्यांनी उडवले आहे त्यांनी स्वतः किती कॅलिबर ठेवले आणि वाऱ्यात ते कसे वागले, हे सांगितल्यास फार उपयोग होईल. शिवाय १.८ मीटरचा रॉड ५ मिलिमीटरचा घेतला तर तो वेतासारखा लवेल अशी भीती वाटते. ६ मिलिमीटर पुरतो, की रॉडऐवजी सरळ रेल (खाचेची जाड पट्टी) करावी?

दुसरी अडचण छोटी असली तरी डोळ्यांना जास्त बोचली. सवयीने मी पाच सेकंदांच्या विलंबाची (विझल्यावर तेवढ्या वेळाने पॅराशूट बाहेर फेकणारी) मोटर घेतली, कारण छोट्या अल्फाला मी नेहमी सी६-५ वापरतो. ओपनरॉकेट या उड्डाणाचा अंदाज देणाऱ्या संगणक-प्रणालीत आता पाहिले तर सरळ उड्डाणातही हे रॉकेट मोटर विझल्यानंतर साडेतीन सेकंदांच्या आत शिखर गाठते. तिरकस गेल्यामुळे पॅराशूट उघडले तेव्हा ते चांगल्याच वेगात खाली येत होते, आणि शॉक कॉर्ड (नोज कोन व नळी जोडून ठेवणारी दोरी) म्हणून बांधलेल्या बारीक केवलार दोरीने नळी वरच्या कडेपासून ११ सेंटिमीटर चिरली. चीर इतकी सरळ की पट्टी ठेवून ब्लेडने मारावी तशी. कडेला पुठ्ठ्याचे थर पिंजून कापसासारखे झाले आहेत. पुढच्या वेळी डी१२-३ घेणार आहे, पण दोरी नळीच्या कडेला टेकते तिथे फोमचा गोळा ओवणे पुरेसे आहे, की कडेच्या वर केवलार नको आणि रुंद इलॅस्टिकच हवे? पॅराशूट ५५ सेंटिमीटरचे आहे, ते सेकंदाला पाच मीटरच्या आसपास उतरण्याच्या हिशेबाने घेतले असल्यामुळे बदलायचा विचार नाही.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. दोन डी१२ शेजारी बसवण्याचा पर्याय मी विचारात घेतला होता; त्यातली एक पेटली नाही तर काय होईल या विचाराने तो सोडून दिला. आणि मोटर कारखान्यात बनलेलीच वापरणार आहे, तेव्हा घरी मोटर भरण्याचे सल्ले कृपया देऊ नयेत.

चिरलेला भाग कापून, आतून जोडनळी घालून नवा तुकडा बसवण्याचे काम सुरू आहे. नोज कोन अजून चिकटवलेला नाही, त्यामुळे मातीचा निर्णय तुमची उत्तरे वाचूनच घेईन.