मदत हवी आहे: स्वादुपिंडाच्या कॅन्सरवरील नव्या औषधांची चाचणी

नमस्कार. आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. बाबांचा स्वादुपिंडाचा कॅन्सर यकृतात पसरलाय. जेमसिटाबिन आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेल ही केमोची औषधं देऊनही नव्या सीटीत गाठ वाढलेली दिसते. पेजेचे दोन घोट जेमतेम जातात, तरी ‘अजून काही असेल तर बघ’ म्हणतात.

या गाठीभोवतीच्या दाट तंतुमय पेशीजाळ्यातून औषध आत पोचणंच कठीण. लायपोसोममध्ये (चरबीच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत) भरलेल्या इरिनोटेकॅन या केमोच्या औषधाला अमेरिकेत २०१५ मध्ये मंजुरी मिळाली. ते जेमसिटाबिननंतर देतात. इथे कुणाला मिळालंय? खर्च किती आला?

थेट गाठीवर नेम धरणाऱ्या औषधांच्या चाचणीत मुंबईला टाटात किंवा बेळगाव-पुण्याकडे कुणी शिरलंय का? सीटीआरआयच्या (भारतातल्या औषध-चाचण्यांची सरकारी नोंदणी) यादीत शोधतोय. केआरएएस (गाठीतल्या या जनुकातला बदल बघणारी) तपासणी आधीच करून, बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) घेऊनच जावं का? अनुभव असलेल्यांनी कृपया लवकर कळवा.