शेल्टरमधून पिल्लू आणतोय, पण पार्किंगमध्ये मागच्या वर्षी पार्वो झाला होता. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

ज्यांनी लहान पिल्लं वाढवली आहेत त्यांची आणि कोणी पशुवैद्य असतील तर त्यांची मदत हवी आहे. जरा सविस्तर लिहिते.

आम्ही पुण्यात राहतो, पहिल्या मजल्यावर. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि दुसरीतली लेक. एका शेल्टरमधलं पिल्लू घरी आणायचं ठरलंय. देशी आहे, मादी, काळी कुळकुळीत, पुढच्या एकाच पंजाला पांढरं. वय साधारण दोन महिने सांगितलंय. आम्ही भेटायला गेलो तेव्हा बाकीची पिल्लं दाराशी धावली, ही मागून हळूहळू आली आणि लेकीच्या ओढणीचं टोक चघळत बसली. आणायचं की नाही हा प्रश्न आता उरलेला नाही. कसं जपायचं हा आहे.

मुख्य काळजी अशी. मागच्या पावसाळ्यात आमच्या वॉचमनकाकांनी एक पिल्लू पाळलं होतं. खाली पार्किंगमध्ये, पाण्याच्या टाकीजवळ ते असायचं. त्याला उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताचे जुलाब, आणि दवाखान्यात नेईपर्यंत ते गेलं. डॉक्टरांनी पार्वो सांगितला. हा विषाणू जमिनीत खूप काळ टिकतो असं ऐकलंय. वर्षभरापूर्वीच्या त्या जागेचा आमच्या पिल्लाला अजून धोका आहे का? जिना आणि पार्किंग तर टाळता येणार नाही.

दुसरं म्हणजे, शेल्टरवाले म्हणतात लवकरात लवकर घेऊन जा. आमचे एक नातेवाईक, ज्यांच्याकडे कायम कुत्री असतात, ते म्हणतात की सगळ्या लशी तिथेच होऊ द्या, मग आणा. दोघंही अनुभवी आहेत. कोणाचं ऐकायचं?

तिच्या कार्डावर एकच लस आणि एकदा जंताचं औषध अशी नोंद आहे. पोट मात्र अजून टम्म दिसतं, आणि बरगड्या हाताला लागतात.

सासूबाईंचा विरोध नाही, पण त्यांना रेबीजची भीती वाटते. लहान मुलीला खेळता खेळता दात लागला तर काय, हे त्या रोज विचारतात. त्यांना नीट उत्तर द्यायचंय, नुसतं ‘काही होत नाही’ म्हणायचं नाहीये. शिवाय आमच्याकडे अंडी चालतात, मांस शिजत नाही. तेवढ्यावर पिल्लू नीट वाढेल का?

मी घरूनच काम करते, त्यामुळे वेळ आहे. खर्चाचीही तयारी आहे. कृपया मार्गदर्शन करा.

प्रतिसाद १

अभिनंदन! काळी पिल्लं आणि त्यातून मादी, ही शेल्टरमध्ये मागे राहतात हा माझा अनुभव आहे. तुम्ही तिला निवडलंत याचा फार आनंद झाला.

मी काही वर्षं शेल्टरची पिल्लं तात्पुरती घरी सांभाळते. आताच आणा. लशी पूर्ण व्हायला अजून दोन महिने जातील आणि तेवढा काळ ती अशा जागी राहील जिथे दर आठवड्याला रस्त्यावरून नवीन पिल्लं येतात. शेल्टरवाले कितीही झटले तरी पन्नास पिल्लांमध्ये एकाचा जुलाब दुसऱ्याच्या पायाला लागतोच. घरात ती एकटी असेल. तुमच्या नातेवाइकांचा सल्ला ब्रीडरकडच्या पिल्लाला कदाचित चालेल, शेल्टरच्या नाही.

आणायला जाल तेव्हा तिचं आत्ताचं खाणं विचारा आणि आठवडाभर पुरेल इतकं तेच सोबत घ्या. नवीन घर आणि नवीन खाणं एकदम झालं की पोट बिघडतं, आणि मग ते पार्वोचं आहे की खाण्याचं या विचाराने आपली झोप उडते.

प्रतिसाद २

मी पशुवैद्य आहे. तिला न बघता औषध आणि मात्रा सांगणार नाही, बाकी लिहितो.

आधी पार्किंगबद्दल. तुम्ही ऐकलंत ते बरोबर आहे. पार्वोचा विषाणू चिवट आहे, सावलीतल्या ओलसर मातीत अनेक महिने, वर्षभरसुद्धा टिकू शकतो. टाकीजवळची जागा नेमकी तशीच आहे. साध्या फिनाईलने तो मरत नाही. फरशी आधी साबणाने स्वच्छ धुवायची, मग १ भाग ब्लीच आणि ३० भाग पाणी करून ते १० मिनिटं ओलं राहू द्यायचं आणि नंतर धुऊन टाकायचं. ब्लीच दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये मिसळू नका, विषारी वायू होतो. पिल्लूही तेव्हा तिथे नको. मातीवर मात्र ब्लीचचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून टाकीजवळच्या मातीत तिला लशी पूर्ण होईपर्यंत उतरवूच नका. जिना आणि पार्किंग कडेवरून पार करा. चपला दाराबाहेर, कारण विषाणू तळव्यांना चिकटूनही घरात येतो.

आता लशींचं, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून संरक्षण मिळालेलं असतं. ते आहे तोवर ते लशीलाही निकामी करतं. ते कोणात सहाव्या आठवड्यात संपतं, कोणात चौदाव्या, आणि बाहेरून कळत नाही. म्हणून एकच लस दर ३ ते ४ आठवड्यांनी परत द्यायची. तीन डोस मोजून थांबायचं नसतं. शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावर पडायला हवा, हे महत्त्वाचं. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी बाराव्या आठवड्याला कार्ड पूर्ण झालं असं सांगतात. तुमच्या डॉक्टरांना सोळाव्या आठवड्याच्या डोसबद्दल आवर्जून विचारा. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, मग वर्षाने पुन्हा. पुण्याच्या पावसात लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या आजाराचीही लस हवी. उंदरांच्या लघवीतून तो साचलेल्या पाण्यात येतो आणि माणसांनाही होतो.

कार्डावर लशीच्या कुपीचं स्टिकर आणि तारीख आहे का ते पाहा. नुसतं पेनने ‘लस दिली’ लिहिलेलं असेल तर नवीन डॉक्टर बहुधा पहिल्यापासून सुरू करतील आणि तेच योग्य.

टम्म पोट आणि हाताला लागणाऱ्या बरगड्या म्हणजे बहुधा जंतच. गोल जंत पिल्लाला आईच्या पोटातच लागतात, दुधातूनही जातात, त्यामुळे एका डोसने भागत नाही. तीन महिन्यांची होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा. मात्रा वजनावर ठरते, म्हणून प्रत्येक वेळी वजन करा. हे जंत लहान मुलांनाही लागू शकतात. शी लगेच उचलायची आणि मुलीने जेवणाआधी साबणाने हात धुवायचे.

प्रतिसाद ३

आमच्या गावाकडे कुत्र्याला जुलाब झाले की दही-भात आणि चिमूटभर हळद देतात, दोन दिवसांत ठणठणीत होतं. प्रत्येक वेळी दवाखान्यात पळायची गरज नसते असं माझं मत. पोळी-दुधावर वाढलेली कुत्री आम्ही बारा-चौदा वर्षं जगलेली पाहिली आहेत.

प्रतिसाद २ लिहिणारे पुन्हा

मोठ्या, धडधाकट कुत्र्याला एखादा जुलाब झाला तर दही-भात द्यायला माझीही ना नाही. पण दोन-अडीच किलोच्या, अर्धवट लशी झालेल्या पिल्लाला कृपया असं थांबवून ठेवू नका. त्याच्या अंगातलं पाणी आणि रक्तातली साखर काही तासांत खाली येते. पार्वोवर थेट औषध नाही. सलाईन, उलटी थांबवणं आणि दुसरा संसर्ग रोखणं यावर पिल्लू वाचतं, आणि वेळेत आलं तर बरीच वाचतात.

ताई, हे लक्षात ठेवा. एक वेळचं खाणं सोडलं आणि मलूल आहे, किंवा उलटी आणि जुलाब दोन्ही आहेत, तर त्याच दिवशी दवाखाना. रात्री उघडा असणारा दवाखाना आत्ताच शोधून नंबर लिहून ठेवा. शीच्या नमुन्यावरून पार्वोची किट चाचणी दहा-पंधरा मिनिटांत होते. संसर्ग झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण ३ ते ७ दिवस लागतात, क्वचित दोन आठवडे. म्हणजे पहिले दोन आठवडे नीट पार पडले तर शेल्टरमधून काही आलं नाही असं समजायला हरकत नाही. रोज ओठ उचलून हिरड्या पाहायची सवय लावा. ओल्या आणि गुलाबी हव्यात. पांढरट किंवा चिकट लागल्या तर उशीर नको. काही देशी पिल्लांच्या हिरड्याच काळ्या असतात, मग जीभ किंवा खालच्या पापणीची आतली बाजू पाहा.

डोळ्यांना आणि नाकाला घट्ट पिवळा चिकटा, ताप, खोकला असेल तर डिस्टेंपर या दुसऱ्या विषाणूच्या आजाराची शंका घ्यायची. तोही शेल्टरमध्ये पसरतो. आणायला जाल तेव्हा तिच्याच नव्हे, तिच्या पिंजऱ्यातल्या सगळ्या पिल्लांच्या नाकाडोळ्यांकडे बघा.

आणि तापासाठी माणसांचं पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन अजिबात देऊ नका.

प्रतिसाद ४

रेबीजबद्दल मी लिहितो. मी महापालिकेच्या दवाखान्यात कुत्रा चावल्याची लस देण्याच्या विभागात काम करतो. तुमच्या सासूबाईंची काळजी रास्त आहे, त्यांना तसं जरूर सांगा. पिल्लू लहान आहे म्हणून रेबीज नसतो ही समजूत चुकीची आहे. रस्त्यावर असताना त्याला कोणी चावलं का, हे कोणालाच माहीत नसतं.

दात लागून किंवा नख लागून रक्त आलं, साधा ओरखडा जरी उठला, तर लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. मग त्याच दिवशी डॉक्टर. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते. दंडात कातडीतली घेतली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी अशी असते, पूर्वीसारखी पोटात चौदा इंजेक्शनं नसतात. दात किंवा नख कातडीत घुसून रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं इंजेक्शनही देतात. आणखी एक पर्याय आहे. कोणी चावायच्या आधीच, म्हणजे पिल्लू घरी येण्याआधी, तुमच्या आणि मुलीच्या डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक लस घेता येते, ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. ती झालेली असली तर पुढे चावल्यावर दोनच डोस लागतात. धुणं आणि दवाखान्यात जाणं मात्र तेव्हाही चुकत नाही.

प्रतिसाद ५

खाण्याचं सांगते. आमच्या घरीही मांस शिजत नाही. पिल्लांसाठीचं चांगल्या प्रतीचं कोरडं तयार खाणं कोमट पाण्यात भिजवून दिवसातून चार वेळा, वर थोडं उकडलेलं अंडं. वेगळं काही शिजवावं लागत नाही. पोळी-दुधावर जगता येतं, पण वाढीच्या महिन्यांत प्रथिनं कमी पडतात, आणि बऱ्याच पिल्लांना गाईचं दूध पचत नाही.

घरातल्या मोठ्यांना प्रेमाने सांगून ठेवा. आमटी-भात, भाजीचा रस्सा नको, त्यात कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्यांना घातक. चॉकलेट नको. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे तर अजिबात नकोत. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांच्या किडन्या बिघडवतात. आमच्याकडे आजी मायेने बोटावर शिरा द्यायच्या. आता त्यांच्यासाठी उकडलेल्या गाजराचा वेगळा डबा ठेवलाय. द्यायचा आनंद त्यांनाही हवा ना.

प्रतिसाद ६

वरच्या सगळ्याला अनुमोदन. एक भर घालतो. लशी पूर्ण होईपर्यंत घरात ठेवायचं म्हणजे जगापासून तोडायचं नाही. तीन ते चौदा आठवडे हा वेळ पिल्लाने जग ओळखण्याचा असतो, तो परत येत नाही. याच काळात कोंडलेलं पिल्लू पुढे प्रत्येक आवाजाला बिचकतं. कडेवर किंवा झोळीत घेऊन कोपऱ्यावर उभे राहा. रिक्षा, टोपीवाला माणूस, छत्री, शाळेतून सुटलेली पोरं सगळं बघू दे, जमिनीला पाय न लावता. घरात कुकरची शिट्टी आणि मिक्सर. पुण्यात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की लांबून ऐकू येतो, तेव्हा बाल्कनीत बसून खाऊ द्या. गणपतीत आणि दिवाळीत ती किती शांत राहील ते बघा. लशी पूर्ण असलेला, तब्येतीने ठीक असा एखादा मोठा कुत्रा ओळखीत असेल तर त्याला घरी बोलवा.

मी मूळचा रत्नागिरीचा, त्यामुळे गोचिडीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. त्यांच्यामुळे होणारा ताप रक्तातल्या पेशी खातो आणि हळूहळू खंगवतो. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीखाली रोज बोट फिरवा. भिंतीच्या फटींमध्ये त्या अंडी घालतात, म्हणून फक्त कुत्र्यावर औषध मारून भागत नाही. मोठ्या कुत्र्याचं औषध पिल्लाला लावू नका. वय आणि वजन सांगून डॉक्टरांकडूनच घ्या.

प्रतिसाद ७

सोसायटीकडून त्रास झाला तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना काढून दाखवा. बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही असं त्यात आहे. आपल्या बाजूने पट्टा बांधणं आणि घाण उचलणं चोख ठेवायचं. रेबीजची लस झाली की महापालिकेचा परवानाही काढून टाका.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, तुम्ही दोनदा एवढं लिहिलंत, काय बोलू. तुमचे दोन्ही प्रतिसाद छापून फ्रिजवर लावलेत. सासूबाईंनी रेबीजचा प्रतिसाद स्वतः दोनदा वाचला आणि आधी घ्यायच्या लशीसाठी सगळ्यांनी जायचं असं त्यांनीच ठरवलं. मुलीच्या डॉक्टरांची वेळही घेतली आहे.

तिला येत्या रविवारी आणतोय. शेल्टरमधून थेट दवाखान्यात, तपासणी आणि वजन करून मगच घरी. वॉचमनकाकांशी बोलले. टाकीजवळची फरशी आम्ही दोघं मिळून धुणार आहोत आणि मातीच्या भागापुढे ते कुंड्या लावून देणार आहेत. त्यांच्या मनात ते पिल्लू अजून आहे. हिला बघायला मिळेल का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की लशी होईपर्यंत तुम्हीच वर या, फक्त चपला बाहेर काढून आणि पाय धुऊन.

एक शेवटचा प्रश्न. बाल्कनीच्या ग्रिलमधल्या फटीतून ती सहज बाहेर जाईल इतकी लहान आहे. कबुतरांसाठीची नायलॉनची जाळी आधीच लावलेली आहे, ती पुरेल का?

प्रतिसाद १ लिहिणाऱ्या पुन्हा

नाही पुरणार. दात येताना ती नायलॉन एका दुपारीत कुरतडेल. हार्डवेअरच्या दुकानात बारीक चौकोनांची वेल्ड केलेली तारेची जाळी मिळते, ती खालून तीन फुटांपर्यंत ग्रिलला तारेनेच बांधा आणि कापलेली टोकं बाहेरच्या बाजूला वळवा. हे काम शनिवारपर्यंत करून घ्या.