मदत हवी आहे: गोट्यांच्या थरात मड गळतेय, बोअर ढासळतोय

यावल तालुका, सातपुड्याचा पायथा, केळीसाठी बोअर. रोटरी मशीन, सव्वाबारा इंची बिट. 240 फुटांपर्यंत पिवळी माती, वाळू. काही अडचण नाही. 245 ला गोटे लागले आणि मड (बोअरमध्ये फिरवतो तो बेंटोनाइट मातीचा चिखल) वर येणंच थांबलं. मडच्या खड्ड्यातली पातळी दहा मिनिटांत दीड फूट उतरली, बोअरमधला दाब गेला, भिंत ढासळली. रॉड जेमतेम निघाले. बेंटोनाइट घट्ट केलं, लाकडाचा भुसा टाकला. तासभर टिकतं, पुन्हा गळती. हवेचा हॅमर सुचवू नका, वरून गोटे पडून तोच गाडला जातो.

पाणी 300 फुटांच्या खाली लागेल असं धरलंय, म्हणून गळका थर कायमचा बुजला तरी चालेल. शेवटी 6 इंची सबमर्सिबल मात्र उतरली पाहिजे. सिमेंट भरून, सेट झाल्यावर पुन्हा छेदावं, की 10 इंची केसिंग गोट्यांपार नेऊन आतून लहान बिटने जावं? सिमेंटच करायचं तर पाण्याचं प्रमाण किती, आणि किती तास थांबायचं?