'फीबल' आणि 'वीक' एकच का?

शब्दवेल्हाळ
कोशात 'फीबल'पुढे अशक्त, दुबळा, क्षीण असं सगळंच दिलंय. मग 'वीक'च्या जागी बिनधास्त वापरावं का? एका वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक इंग्रजीत करायचंय. 'अशक्त ज्येष्ठांसाठी' याला 'फीबल' चालेल?

तिरपागडे
नाही चालणार. 'वीक'चा पसारा मोठा आहे: चहा वीक, गणितात वीक, रुपया वीक. यात 'फीबल' कुठेच बसत नाही. फीबल म्हणजे जोर जवळजवळ सरलेला, कीव यावी इतका. मूळही तसंच आहे: लॅटिन 'फ्लेबिलिस', म्हणजे रडू यावं असं; ते फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलं. म्हणून आवाज, उजेड, हालचाल यांना ते शोभतं: 'फीबल व्हॉइस', 'फीबल लाइट'.

दुसरा वापर टोमण्याचा, आणि हल्ली तोच जास्त कानावर पडतो. 'फीबल जोक' म्हणजे पुचाट विनोद, 'फीबल एक्स्क्यूज' म्हणजे लंगडी सबब. माणसाला लावलंत की हाच वास येतो. माहितीपत्रकात 'फ्रेल' (वयामुळे नाजूक झालेला) घाला.

नाडीपरीक्षा
'फ्रेल'ही जपून. वृद्धांच्या वैद्यकात ती मोजून ठरवायची अवस्था आहे. 2001 साली लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी पाच निकष दिले: वर्षभरात आपोआप साडेचार किलोंहून जास्त वजन घटणं, सततचा थकवा, हाताची पकड ढिली, चाल मंद, हालचाल कमी. तीन किंवा जास्त जुळले तर फ्रेल, एक-दोन जुळले तर प्री-फ्रेल. वाचणारा डॉक्टर असेल तर तो हाच अर्थ घेणार.

केसपेपरवर 'पल्स फीबल' लिहितात, तिथे हिणवणं नसतं. 'फीबल-माइंडेड' (मंदबुद्धी) मात्र कुठेच नको. ब्रिटनच्या 1913 च्या मेंटल डेफिशियन्सी ॲक्टमध्ये ती कायदेशीर वर्गवारी होती. अमेरिकेत 1927 च्या 'बक विरुद्ध बेल' खटल्यात तोच शिक्का मारलेल्या तरुणीची सक्तीची नसबंदी सुप्रीम कोर्टाने वैध ठरवली. आज ती शिवी आहे.

शब्दवेल्हाळ
तिथली मंडळी हिंडती-फिरती आहेत. अंघोळीला आणि जिना चढायला तेवढा आधार लागतो.

तिरपागडे
मग विशेषण कशाला? 'ओल्डर पीपल हू नीड हेल्प विथ बाथिंग अँड स्टेअर्स' लिहा. 'एज्ड अँड इन्फर्म' सुचवणारे भेटतील. ते जुन्या सरकारी कागदांतलं, तिथेच राहू द्या.