मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दोन डोळ्यांना दोन रंग दिसतात, खरा कोणता?

प्रश्न (फोंडा):
नमस्कार. आईच्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली. मंगेशीला गेलो असता तिने एकेक डोळा झाकून देवळासमोरचा दीपस्तंभ पाहिला. उजव्या डोळ्याला तो निळसर झाक असलेला शुभ्र दिसतो आणि डाव्याला कोऱ्या चहातून पाहिल्यासारखा. "म्हणजे इतकी वर्षे मी सगळे चुकीचेच पाहत होते का?" असे ती विचारते. तिला काय सांगावे?

उत्तर (म्हापसा):
मी डोळे तपासण्याचे काम करतो. वय वाढते तसे डोळ्यातले नैसर्गिक भिंग पिवळट होत जाते आणि निळा प्रकाश अडवू लागते; पण हे इतके सावकाश घडते की मेंदू त्याप्रमाणे आपला हिशेब बदलत राहतो आणि पांढरे ते पांढरेच वाटते. शस्त्रक्रियेत ते भिंग काढून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवले की अडलेला निळा प्रकाश एकदम आत येतो, मेंदूचा हिशेब मात्र जुनाच असतो. तो जुळायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. आता आई पाहतात तोच खरा रंग.

उत्तर (पणजी, चित्रकला शिक्षिका):
शेवटचे वाक्य मला पटत नाही. तरुण, निरोगी डोळ्याचे भिंगसुद्धा अतिनील किरण अडवतेच, आणि मधमाशीला ते दिसतात. मग आपल्यापैकी कोणाचा डोळा खरा म्हणायचा? चित्रकार क्लोद मोने यांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया 1923 साली, वयाच्या 82व्या वर्षी झाली. त्या काळी भिंग काढत, पण त्याजागी नवे बसवत नसत. नंतर सगळे फार निळे दिसते अशी त्यांची तक्रार होती आणि ते रंगीत काचांचे चष्मे वापरत. त्याआधी मोतीबिंदू असताना रंगवलेली त्यांची तांबूस-तपकिरी चित्रे चुकीची होती, असे म्हणायला मी तरी धजणार नाही. आईंनी गजऱ्यातली अबोली ओळखली, भात शिजल्याचे पाहून ओळखले, माणसे ओळखली. त्या पाहण्यात खोटे काहीच नव्हते, हे त्यांना अवश्य सांगा.

उत्तर (म्हापसा):
आपला आक्षेप मान्य आहे. 'अधिक निळा प्रकाश पोहोचलेला' इतकेच म्हणायला हवे होते. प्रश्नकर्त्यांसाठी एक सूचना: डोळा दुखू लागला, लाल झाला, नजर अचानक अंधूक झाली किंवा डोळ्यापुढे पडदा आल्यासारखे वाटले, तर तो रंगाचा प्रश्न नव्हे, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.