काच फुटलीय, ३४९ च्या किटमध्ये घरी बदलता येईल काय?

दूधगाडी

राम राम मंडळी. कसबा बावड्यात राहतो, पहाटेची दुधाची गाडी आहे. परवा कॅन उतरवायला वाकलो आणि वरच्या खिशातला मोबाईल सरळ फरशीवर. कव्हर होतं, टेम्पर्ड होती, तरी डाव्या कोपऱ्यातून कोळ्याच्या जाळ्यागत तडे गेलेत. टच चालतोय, पण वरची दोन बोटं पट्टी मेलीय, नोटिफिकेशन खाली ओढता येत नाही. कोपऱ्यात शाई सांडल्यागत काळा डाग आलाय. काल करंगळीच्या नखाएवढा होता, आज अंगठ्याएवढा झालाय.

राजारामपुरीत दोन दुकानांत विचारलं. एक २,४०० म्हणाला, दुसरा १,८००. 'ओरिजिनल' दोघांचंबी. फोन साडेनऊ हजाराचा, त्याला तीन वर्षं झाली. ऑनलाइन ३४९ ला किट दिसतंय: काच, स्क्रू ड्रायव्हर, सक्शन कप, प्लास्टिकच्या पट्ट्या, गमची ट्यूब. व्हिडिओत माणूस दहा मिनिटांत बसवतोय. गाडीचं पंक्चर, क्लच वायर माझं मीच करतो. हे जमंल काय? दुधाचा सगळा हिशोब याच फोनात आहे, वहीत काही नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पेठकर

नाद करू नको भावा. व्हिडिओतला माणूस पन्नासावा फोन उघडत असतोय, तू पहिला. १,८०० दे आणि मोकळा हो.

लेथवाला

पेठकरचं निम्मं बरोबर आहे. मी उद्यमनगरात लेथवर असतो, आजवर दोन फोन उघडले. एक बिघडवला, एक जमवला. तेवढ्यावरच सांगतोय.

३४९ चं किट पहिलं डोक्यातनं काढ. त्यात येते ती नुसती काच. तुझ्या फोनात काच, टच आणि डिस्प्ले एकमेकाला असे चिकटवलेले असतात की मधे हवेलासुद्धा जागा नाही. नुसती काच सोडवायची तर गरम प्लेटवर ठेवून केसागत बारीक तारेनं कापत आणायची, मग नवी काच एकही बुडबुडा न ठेवता बसवायची. दुकानात त्याला मशीन असतंय, तरी त्यांच्याबी हातनं डिस्प्ले जातात. आणि तुझ्या बाबतीत काच बदलून उपयोगच नाही. डाग वाढतोय म्हणजे आतला डिस्प्ले फुटलाय, पट्टी मेलीय म्हणजे टच गेलाय. तुला अख्खा फोल्डर लागणार, म्हणजे काच, टच आणि डिस्प्ले एकत्र चिकटवलेला पीस, कोण त्याला कॉम्बो म्हणतंय.

ऑर्डर करायच्या आधी एक बघ. रात्री खोलीतली लाईट बंद कर आणि फोनवर पूर्ण काळा फोटो लाव. चांगल्या भागात किंचित करडा उजेड जाणवला तर डिस्प्ले एलसीडी जातीचा. कोळशागत काळंकुट्ट दिसलं तर अमोलेड, मग मात्र दुकानात जा, तो महाग असतोय आणि नाजूकबी. बोटाचा ठसा काचेखाली घेत असेल तरीसुद्धा दुकानच. स्वस्तातला एलसीडी फोल्डर तिथं बसवला तर तो ठसा कायमचा बंद होतोय.

आता माझा पराक्रम. पहिला फोन आमच्या सौ.चा. ठशाचा सेन्सर पाठीमागं. मी मागचं कव्हर पुस्तक उघडावं तसं एका झटक्यात उघडलं. आत केशरी रंगाची एक पट्टी होती, कागदागत पातळ, करंगळीएवढीबी रुंद नाही. तिचं एक टोक कव्हरला, दुसरं बोर्डाला. तुटताना आवाजसुद्धा झाला नाही. डिस्प्ले झकास बसला, ठसा गेला. अजून पिन टाकताना ती आधी माझ्याकडं बघते, मग फोनकडं.

दुसरा भाच्याचा, तेव्हा दीड तास घातला. चार्जिंग २५ टक्क्यांच्या खाली आणलं, फोन बंद केला. फुटक्या काचेवर आधी चिकटपट्टी, नाहीतर कपच्या बोटात जातात. कव्हर चारी बाजूंनी सोडवायचं, बोटभर उचलायचं आणि आत डोकावून बघायचं, कुठली पट्टी अडकलीय का. मग पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढायचा. हे चुकलं तर पुढचं सगळं चुकलं.

स्क्रूबद्दल माझं ऐकच. सगळे सारखे दिसतात, पण लांबी वेगळी असते. लांब स्क्रू आखूडच्या जागी पिळलास तर तो खालच्या बोर्डात घुसतो, बोर्ड खलास. मी कागदावर फोनचा आकार काढला, डबल टेप लावली, ज्या जागचा स्क्रू त्या जागी चिकटवला. किटमधला ड्रायव्हर वापरू नको. त्याची टोकं लोण्यागत मऊ, दुसऱ्याच स्क्रूला घसरतात आणि स्क्रूचं डोकं खातात. दिवसभर पोलाद कापणाऱ्याला असला माल बघितला की राग येतोय. शंभर-दीडशे जास्त घाल, एकच चांगला घे.

जुना डिस्प्ले गम तापवल्याशिवाय निघत नाही. हेअर ड्रायर नव्हता, म्हणून तव्यावर खडेमीठ तापवलं आणि गुडघा शेकायला करतो तशी पुरचुंडी केली. हातात दोन-तीन सेकंद धरवेल इतपतच गरम. कडेकडेनं शेकायचं, मधोमध नाही, मागं बॅटरी आहे. आणि बॅटरीला टोकदार काही लावायचं नाही, भोक पडलं तर धूर आणि जाळ.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गम लावायच्या आधी नवा फोल्डर नुसता जोडून फोन चालू कर. एक आयकॉन बोटानं धरून स्क्रीनभर फिरव. कुठं सुटला तर तो पीस परत पाठव. एकदा गम लागला की कोणी परत घेत नाही. मग टी-७००० काळा गम, बारीक धार, आणि वर रबरं लावून चोवीस तास हात लावायचा नाही.

दुरुस्तीवाली

शाहूपुरीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. लेथवाले दादांनी सांगितलं ते बरोबर, पण एक राहिलं. दादा, तुमचा हिशोब. टच अजून अर्धा चालतोय तोवर आजच बॅकअप घ्या. तो डाग पसरला की काही दिसणार नाही. पूर्ण टच गेला आणि दिसत असलं, तर ओटीजी, म्हणजे फोनला यूएसबी जोडायची छोटी पिन, लावून कॉम्प्युटरचा माऊस जोडा. स्क्रीनवर बाण येतो, त्यानं पिनसुद्धा टाकता येते.

१,८०० आणि २,४०० मधला फरक बहुतेक पीसच्या दर्जाचा किंवा फ्रेमचा असेल. 'ओरिजिनल काय' असं विचारू नका, सगळेच हो म्हणतात, आम्हीबी. फ्रेमसकट का बिनफ्रेमचा, आणि टचची गॅरंटी किती दिवस, हे विचारा. घरी करणार असाल तर फ्रेमसकट घेऊ नका. दिसायला सोपं वाटतं, पण बोर्ड, बॅटरी, स्पीकर सगळं उचलून नव्या फ्रेमात न्यावं लागतं. बिनफ्रेमचा घ्या, जुना गम खरवडायला वेळ लागेल तेवढाच.

आणि अर्धवट उघडून, स्क्रू पिशवीत घालून आणू नका. तसले फोन महिन्याला चार-पाच येतात. त्याचे पैसे मी जास्त घेते, लपवत नाही.

दूधगाडी

आठ दिवसांनी लिहितोय. काळ्या फोटोची परीक्षा केली, करडा उजेड दिसला, एलसीडीच. ताईंचं ऐकून आधी हिशोब वहीत उतरवला, चार तास गेले. त्यात एका घरचं दीड महिन्याचं दूध लिहायचंच राहिलेलं सापडलं, फोल्डरचे पैसे तिथंच निघाले म्हणायचे.

फोल्डर १,१५० ला बिनफ्रेमचा, ड्रायव्हर आणि गम धरून १,४२०. म्हणजे दुकानापेक्षा ३८० वाचले आणि एक रविवार गेला. खडेमिठाची पुरचुंडी बघून आई म्हणाली, गुडघा माझा दुखतोय आणि शेक मोबाईलला. जुना गम खरवडायलाच तास लागला, नखं काळी.

चूक एक झाली. कानापाशी आवाज ऐकू येतो त्या जागी बारीक जाळी असते, ती जुन्या डिस्प्लेला चिकटून तशीच कचऱ्यात गेली. आता त्या फटीत धूळ जाते म्हणून कापसाच्या काडीनं पुसतोय. लेथवाले दादा, जाळी सुटी मिळते काय?

बाकी टच एकदम कडक. रंग तेवढा निळसर आहे. काल एका गिऱ्हाइकाला म्हशीच्या दुधाचा फोटो दाखवला, तो म्हणाला, पाणी किती घालतोस?