सी प्रोग्रॅमिंग: दोन युजर कॉपी केले तरी नाव एकच येतंय, मदत हवी आहे

मुक्ता_क:
दोन दिवस यातच गेलेत. पासवर्ड फाइलमधून (सिस्टिमच्या युजरांची यादी) आधी रूट हा युजर काढला, स्ट्रक्टमध्ये (अनेक फील्डचा एक गठ्ठा) कॉपी करून ठेवला, मग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा हा युजर काढला आणि दोन्ही प्रिंट केले तर नाव दोन्हीकडे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच. व्हॅलग्रिंडमध्ये (मेमरीच्या चुका शोधणारं टूल) एकही एरर नाही. उद्या सबमिशन आहे, लवकर सांगा प्लीज.

कोकणकडा:
कोड कुठाय? कॉपी कशी केलीस, सिस्टिम कुठली, यूआयडी (युजरचा नंबर) काय येतोय?

माधव_पी:
मेमकॉपी (बाइट जसेच्या तसे कॉपी करणारं फंक्शन) वापर, साइझऑफ (किती बाइट ते) नीट दे. मी १५ वर्षं तेच करतोय, कधी अडलं नाही.

मुक्ता_क:
उबुंटू. गेटपीडब्ल्यूनॅम (नावावरून युजरची माहिती देणारं फंक्शन) वापरलंय, ते लिहायचं राहिलं. आधी सरळ स्ट्रक्ट असाइन केलं होतं, आता मेमकॉपी करून बघितली, तेच. यूआयडी मात्र बरोबर येतात, ० आणि ३३! रूटच्या होम डिरेक्टरीच्या जागी पण अर्धवट काहीतरी येतंय.

कोकणकडा:
मग इथेच मेख आहे. यूआयडी स्ट्रक्टच्या आतच असतो म्हणून तो आला. नाव, होम, शेल हे नुसते पॉइंटर, म्हणजे तू पत्ता कॉपी केलास, अक्षरं नाही. अक्षरं लायब्ररीच्या स्वतःच्या बफरमध्ये (राखीव मेमरीत) असतात आणि पुढचा कॉल त्यावरच लिहितो. मेमरी फ्री झालेलीच नाही, मग व्हॅलग्रिंड कशाला ओरडेल? प्रत्येक स्ट्रिंग स्ट्रडप कर, म्हणजे अक्षरांची वेगळी प्रत होईल.

निळा_डबा:
पाच स्ट्रडप, पाच फ्री, एक विसरलं की लीक, म्हणजे मेमरी अडकून राहते. त्यापेक्षा गेटपीडब्ल्यूनॅमचंच _आर वालं फंक्शन घ्या, बफर आपला. साइझ सिसकॉन्फला (सिस्टिमच्या मर्यादा सांगणारं फंक्शन) विचारा, -१ आलं तर १०२४ पासून सुरू करा आणि ई-रेंज (बफर अपुरा पडल्याची एरर) आला की दुप्पट करून परत कॉल.

कोकणकडा:
अरे पण दोन युजर एकदम ठेवायचे तर बफरही दोन लागणार, ते सांग ना. एकच बफर परत दिला की पुन्हा हाच घोळ.

रानफूल:
पासवर्डच्या जागी एक्स दिसत असेल तर काळजी नको, हॅश (पासवर्डचं सांकेतिक रूप) शॅडो फाइलमध्ये असतो, ती वाचायला रूट परवानगी लागते.

मुक्ता_क:
पासवर्ड नकोच आहे मला.

माधव_पी:
आत्ता लक्षात आलं, माझ्या स्ट्रक्टमध्ये कॅरेक्टर अ‍ॅरे होते, पॉइंटर नव्हते. म्हणून मेमकॉपी चालायची. इथे नाही चालणार.

मुक्ता_क:
स्ट्रडप टाकलं, ० समोर रूट आलं!! थँक्यू. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाचं होमही बरोबर येतंय. एखादी फील्ड रिकामी असली तर तीपण फ्री करायची का?

कोकणकडा:
हो, रिकाम्या स्ट्रिंगलाही स्ट्रडप शेवटच्या शून्यासाठी (स्ट्रिंग संपल्याची खूण) एक बाइट घेतोच.